सेकंड-हँड प्लग-इन हायब्रिड: कागदावरची रेंज, रस्त्यावरची रेंज आणि मोडच्या बटणांचं गणित

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी २६ नोव्हेंबर २०२५ ला बजेट मांडलं आणि त्यात गाड्यांसाठी एक नवा कर जाहीर केला. एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाडीवाल्याने दर मैलामागे ३ पेन्स भरायचे आणि प्लग-इन हायब्रिडवाल्याने दीड पेनी. कारण सरळ आहे. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे सरकारला जवळपास ५३ पेन्स ड्युटी मिळते. विजेवर चालणारी गाडी ती देत नाही. गाड्या विजेकडे वळल्या की तिजोरीत खड्डा पडणार, आणि तो कुठूनतरी भरावा लागणारच.

मला त्यातला दीड पेनीचा आकडा जास्त इंटरेस्टिंग वाटला. प्लग-इन हायब्रिडवाले पेट्रोलवरची ड्युटी थोडीफार भरतात, म्हणून त्यांना अर्धा कर. म्हणजे सरकारने मनाशी धरलंय की ही गाडी साधारण अर्धी इलेक्ट्रिक आणि अर्धी पेट्रोल. पण रस्त्यावर अशी 'अर्धी' गाडी सहसा सापडत नाही. कोणाची ८० टक्के विजेवर पळते, तर कोणाची ५ टक्केसुद्धा नाही. मॉडेल तेच, वर्ष तेच, कर तोच. फरक फक्त मालकाच्या सवयींचा आणि बॅटरीच्या वयाचा.

मी ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि सेकंड-हँड मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही चालवतो. इथे नव्याने आलेले बरेच मराठी मित्र पहिली गाडी म्हणून अशीच जुनी प्लग-इन हायब्रिड शोधत असतात. किंमत आवाक्यात असते, एसयूव्ही असते आणि जाहिरातीत ॲव्हरेज असं लिहिलेलं असतं की वाचून डोळे विस्फारतात. म्हणून ठरवलं, हा विषय एकदा नीट सोडवून लिहायचा. उदाहरण म्हणून आउटलँडरच घेतो, कारण ती मला माहीत आहे आणि इथल्या जुन्या बाजारात ती भरपूर दिसते. हिशोबाची पद्धत मात्र इतर प्लग-इन हायब्रिडलाही लागू पडते.

आधी गोंधळ मिटवू: 'हायब्रिड' आणि 'प्लग-इन हायब्रिड'

भारतात आपण इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराचं 'स्ट्राँग हायब्रिड' बघतो. त्यांना चार्जिंगची वायर लावायची सोयच नसते. ग्रँड विटाराच्या हायब्रिडमधली बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे, म्हणजे लाइट बिलावरचं पाऊण युनिट. ती ब्रेक मारताना आणि इंजिन चालू असताना भरते आणि लगेच खर्च होते. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते.

प्लग-इन हायब्रिडची बॅटरी त्याच्या कितीतरी पट मोठी असते आणि ती घरच्या सॉकेटवर चार्ज करता येते. आउटलँडर २०१३ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात १२ किलोवॅट-तासाची बॅटरी होती, म्हणजे १२ युनिट. सोबत २ लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना एक मोटर आणि मागच्या चाकांना एक. २०१८ च्या सुमारास आलेल्या सुधारित मॉडेलमध्ये बॅटरी १३.८ युनिटची झाली आणि इंजिन २.४ लिटरचं. सेकंड-हँड घेताना ही दोन 'व्हर्जन' वेगळी आहेत हे आधी बघा. जाहिरातीत पुष्कळदा फक्त नाव असतं.

५२ किलोमीटर आणि १०० किलोमीटरला १.९ लिटर आले कुठून?

पहिल्या आउटलँडरचे अधिकृत आकडे असे होते: विजेवर ५२ किलोमीटर रेंज आणि १०० किलोमीटरला १.९ लिटर पेट्रोल. आपल्या भाषेत लिटरला ५२ किलोमीटर! पावणेदोन टनांहून जड एसयूव्ही बाइकसारखं ॲव्हरेज देते? हा आकडा खोटा नाही. पण तो एका फॉर्म्युल्यातून आलाय, आणि तो फॉर्म्युला समजला की सगळं लख्ख दिसतं.

त्या काळच्या युरोपियन चाचणीत गाडी दोनदा तपासायचे. एकदा पूर्ण चार्ज करून, एकदा बॅटरी रिकामी ठेवून. मग दोन्हींची सरासरी काढायची. ही सरासरी काढताना एक गृहीतक होतं: चार्ज संपल्यावर माणूस फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि पुन्हा वायर लावेल.

आता गणित करा. ५२ किलोमीटर विजेवर, २५ पेट्रोलवर, एकूण ७७. म्हणजे पेट्रोलचा वाटा ३२.५ टक्के. बॅटरी रिकामी असताना गाडी १०० किलोमीटरला सुमारे ५.८५ लिटर पिते. त्याचे ३२.५ टक्के किती? १.९. झाला आकडा तयार.

म्हणजे १.९ लिटर हा गाडीचा गुणधर्म नाहीच. गाडी आणि एक काल्पनिक शिस्तबद्ध मालक, या दोघांचा मिळून तो आकडा आहे. मालक बदलला की आकडा बदलला. वायर कधीच लावली नाही, तर त्याच चाचणीच्या हिशोबाने लिटरला १७ किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर त्याहूनही कमी.

वायर पॅकिंगमधून बाहेरच आली नाही

बरं, तो शिस्तबद्ध मालक खरंच होता का? २०१४ मध्ये ब्रिटन सरकार प्लग-इन गाडीवर ५,००० पाउंडांपर्यंत अनुदान देत होतं. कंपनीकडून मिळणाऱ्या गाडीवरचा करही कमी कार्बन आकड्यामुळे अगदी कमी लागायचा. त्यामुळे असंख्य गाड्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी घेतल्या. कर्मचाऱ्याला पेट्रोल कार्ड मिळायचं, घरच्या विजेचं बिल मात्र स्वतःच्या खिशातून. मग वायर कोण लावणार?

२०१८ मध्ये बीबीसीने सुमारे १,५०० कंपनी गाड्यांच्या नोंदींची बातमी दिली होती. कागदावर सरासरी गॅलनला जवळपास १३० मैल असलेल्या या गाड्या प्रत्यक्षात ४० मैलांच्या आसपास देत होत्या. आणि काही गाड्या कंपनीकडे परत आल्या तेव्हा चार्जिंगची वायर पॅकिंगमध्ये तशीच होती. त्याच वर्षी सरकारने प्लग-इन हायब्रिडचं अनुदान बंद केलं.

हा फक्त ब्रिटनचा किस्सा नाही. युरोपात २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारा मीटर सक्तीचा झाला. तो डेटा गोळा करून युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रयोगशाळेपेक्षा साधारण २० टक्के जास्त इंधन पितात. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन मात्र कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. त्यानंतर २०२५ पासून नव्या मॉडेलसाठी विजेवरच्या प्रवासाचं गृहीतक युरोपने बरंच कडक केलं.

आता या गोष्टीचा सेकंड-हँड बाजाराशी संबंध बघा. पहिल्या मालकाने पुष्कळदा 'आकडा' विकत घेतला. त्या आकड्यावर त्याला अनुदान आणि करसवलत मिळाली, त्याचे पैसे वसूल झाले. दुसऱ्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, सवलत नाही. तुम्हाला मिळते ती गाडी आणि तिची वापरलेली बॅटरी. जाहिरातीत मात्र आकडा तोच जुना छापलेला असतो.

१२ युनिटमधले आपले किती?

बॅटरी १२ युनिटची असली तरी सगळी युनिट वापरायला मिळत नाहीत. आउटलँडरच्या डॅशबोर्डवर बॅटरी 'शून्य' दिसते तेव्हा आत साधारण ३० टक्के शिल्लक असते. ती राखीव असते. बॅटरी पूर्ण निथळू नये आणि हायब्रिड म्हणून चालताना ओव्हरटेकला मोटरची ताकद मिळावी, म्हणून गाडी तो साठा सोडत नाही. म्हणजे नव्या गाडीतही हाताशी साधारण ८.४ युनिट.

ही उंच, जड, चौकोनी गाडी एका युनिटमध्ये निवांत चालवली तर साडेचार किलोमीटर जाते असं धरू. ८.४ गुणिले ४.५ म्हणजे ३८ किलोमीटर. कागदावर ५२, रस्त्यावर ३८, आणि तेही बॅटरी नवी असताना. आता बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली असेल तर ३० किलोमीटर. त्यात हिवाळा धरा, युनिटला साडेतीन किलोमीटर, म्हणजे २३ ते २४. ५२ चे २४ झाले आणि गाडीत बिघाड काहीच नाही.

हिवाळ्यात एवढं का घटतं? दोन कारणं. थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, त्यामुळे ती पूर्ण ताकद देत नाही. आणि दुसरं म्हणजे हीटर. पेट्रोल गाडीत इंजिनची उष्णता फुकट असते. विजेवर चालताना ती उष्णता बॅटरीतून काढावी लागते. चार-पाच किलोवॅटचा हीटर अर्धा तास जोरात चालला तर दोन-अडीच युनिट गेली. आठमधली दोन! सुरुवातीच्या काही स्वस्त व्हेरियंटमध्ये तर इलेक्ट्रिक हीटरच नव्हता. हीटर लावला की थेट इंजिन चालू. ब्रिटनच्या हवेत अशी गाडी वर्षातले कित्येक महिने पूर्ण इलेक्ट्रिक चालतच नाही. घेण्याआधी हे एवढं एक जरी विचारलंत तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल. सीट गरम करणारं बटण असेल तर ते वापरा, त्याला हीटरच्या मानाने फारच कमी वीज लागते.

वेगाचंही तसंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११२ किलोमीटरवर, म्हणजे इथल्या मोटरवेच्या ७० मैलांवर गेलात की तो विरोध जवळपास दुप्पट होतो. म्हणून गावात ३५ किलोमीटर देणारी बॅटरी मोटरवेवर २५ मध्ये संपते.

डॅशबोर्डवरची रेंज म्हणजे अंदाज

स्क्रीनवर दिसणारा 'इतके किलोमीटर बाकी' हा आकडा मोजलेला नसतो. गाडी आधीचा काही काळ कशी चालली त्याची सरासरी काढून सॉफ्टवेअर पुढचा अंदाज बांधतं. आपल्या फोनची बॅटरी 'अजून ९ तास' सांगते आणि व्हिडिओ कॉल लावला की तीन तासांवर येते, तसंच.

त्यामुळे जाहिरातीतल्या डॅशबोर्डच्या फोटोवर गाडी ठरवू नका. आधीचा मालक चार दिवस ३०-४० च्या वेगाने हीटर बंद ठेवून फिरला असेल तर तीच थकलेली बॅटरी छान आकडा दाखवेल. मोटरवेवरून आणली असेल तर चांगली बॅटरीही गरीब दिसेल. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर बरोबरच आहे, त्याला मिळालेला इतिहास वेगळा.

मोडची बटणं काय करतात, काय करत नाहीत

आता मुख्य गोंधळ. आउटलँडरमध्ये दोन प्रकारचे मोड आहेत. काही गाडी स्वतः निवडते, काही आपण.

गाडी स्वतः निवडते ते तीन. *ईव्ही*: फक्त बॅटरी आणि मोटर. *सिरीज हायब्रिड*: इंजिन चालू होतं, पण चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज बनवतो, मोटर चाकं फिरवते. सोसायटीच्या डिझेल जनरेटरवर लिफ्ट चालते तसं. *पॅरलल हायब्रिड*: साधारण ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे इंजिन क्लचने थेट पुढच्या चाकांना जोडलं जातं आणि मोटर गरजेपुरती हात लावते. या गाडीला नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही, एकच गिअर आहे. म्हणून कमी वेगात इंजिन थेट चाकं फिरवूच शकत नाही. वेगात मात्र थेट जोडणीच फायद्याची, कारण वीज बनवा-साठवा-पुन्हा वापरा या फेऱ्यातलं नुकसान वाचतं.

आपण दाबतो ती बटणं अशी:

*सेव्ह:* बॅटरी आहे तेवढीच ठेव, आत्ता पेट्रोलवर चाल.

*चार्ज:* इंजिन जास्त चालव आणि बॅटरी भर.

*ईव्ही प्रायोरिटी:* २०१७ च्या सुमाराच्या मॉडेलपासून आलेलं बटण. शक्य तोवर इंजिन चालू करू नकोस. आधीच्या गाडीत ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन जागं व्हायचं, ते यात बरंच टळतं.

*बी० ते बी५:* ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर किती जोरात ब्रेक लावून वीज परत मिळवेल, त्याच्या पायऱ्या. बी० मध्ये गाडी नुसती घरंगळते, बी५ मध्ये ठळकपणे हळू होते.

यातलं एकही बटण ऊर्जा तयार करत नाही. ब्रेकमधून परत येते तीसुद्धा आपण आधी वेग घेण्यासाठी खर्च केलेलीच, आणि तीही थोडी घट सोसून. बटणं फक्त एवढंच ठरवतात की कुठली ऊर्जा कधी खर्च करायची.

म्हणूनच सेव्ह हे सगळ्यात कामाचं बटण. समजा रेडिंगहून मध्य लंडनला जायचंय, साधारण ६५ किलोमीटर. काहीच दाबलं नाही तर भरलेली बॅटरी एम-४ मोटरवेवर, म्हणजे सगळ्यात महागड्या ठिकाणी संपते. मग लंडनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन जनरेटर बनून घुरघुरत बसतं. उलट मोटरवेवर सेव्ह दाबून ठेवलं, तर तिथे इंजिन थेट जोडणीने चांगलं काम करतं आणि शहरात आठ युनिट अख्खी हाताशी राहतात. अंतर तेच, बॅटरी तीच, फक्त क्रम बदलला.

आणि चार्ज? हे बटण मोफत विजेसारखं वाटतं, पण नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट उष्णता असते. इंजिन, जनरेटर आणि बॅटरीचं नुकसान वजा जाता हाती येतात जेमतेम अडीच युनिट, म्हणजे ११ किलोमीटर. तेच लिटर मोटरवेवर थेट इंजिनाने वापरलं असतं तर १४ किलोमीटर तरी मिळाले असते. मोठा चढ पुढे आहे किंवा एखाद्या शहरात इंजिन बंद ठेवून शिरायचंय, तेव्हा चार्ज ठीक आहे. रोज चार्ज दाबून 'मी इलेक्ट्रिक चालवतो' म्हणणं म्हणजे टँकर मागवून आपलीच विहीर भरणं.

ईव्हीमध्ये असतानाही इंजिन अचानक चालू झालं तर घाबरू नका. हीटर, जोरात दाबलेला ॲक्सिलरेटर, फार थंड बॅटरी, ही नेहमीची कारणं. आणि कित्येक महिने पेट्रोल भरलंच नाही, तर टाकीतलं जुनं पेट्रोल पडून राहू नये म्हणूनही गाडी स्वतः इंजिन चालवते.

छोटी बॅटरी जास्त राबते

लोक विचारतात, 'दहा वर्षांच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या चांगल्या टिकल्यात, मग हिची का खालावते?' गणित बघा. समजा एका पूर्ण चार्जमध्ये ३५० किलोमीटर जाणारी इलेक्ट्रिक गाडी १ लाख किलोमीटर चालली. तिची बॅटरी साधारण २८५ वेळा भरली आणि रिकामी झाली. आउटलँडर तेवढीच चालली आणि त्यातले निम्मे किलोमीटर विजेवर गेले, तर ५०,००० भागिले ३८, म्हणजे १,३०० हून जास्त फेऱ्या. छोट्या बॅटरीला तेच काम अनेकदा करावं लागतं. शिवाय वापर असो-नसो, वयानेही बॅटरी थकतेच.

म्हणून कमी किलोमीटर म्हणजे चांगली बॅटरी, हा पेट्रोल गाडीचा नियम इथे लावू नका. वायर न लावलेल्या गाडीत इंजिन जास्त राबलेलं असेल, रोज वायर लावलेल्या गाडीत बॅटरी. ओडोमीटर दोन्हींमध्ये सारखंच सांगतो.

घेण्याआधी हे चार तपास करा

१. *भरून, मोजून, चालवून बघा.* विक्रेत्याला रात्रभर चार्ज करून ठेवायला सांगा. हीटर बंद, ट्रिप मीटर शून्यावर, आणि बॅटरी 'शून्य' होईपर्यंत शांतपणे चालवा. किती किलोमीटर झाले ते लिहून घ्या. विक्रेता 'चार्जर जागेवर नाहीये' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जा. मला एका डीलरने वायर शोधायलाच दोन दिवस लावले होते. त्या उशिरातूनही गाडीचा इतिहास कळतो.

२. *भिंतीवर मोजा.* डॅशबोर्डवर शून्य असताना चार्ज लावा आणि पूर्ण होईपर्यंत किती युनिट गेली ते चार्जरच्या ॲपमध्ये बघा. चार्जिंगचं नुकसान धरून १२ युनिटची नवी बॅटरी साधारण साडेनऊ युनिट घेईल. साडेसात घेतली तर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास. हा सगळ्यात प्रामाणिक तपास, कारण यात तुमची ड्रायव्हिंग आणि हवामान फारसं मध्ये येत नाही.

३. *फोन जोडा.* स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ ॲडाप्टर लावून ॲपवर बॅटरीची क्षमता अँपिअर-तासात वाचता येते. १२ युनिट, ३०० व्होल्ट, म्हणजे नवी असताना ४० च्या आसपास. ३० दिसत असतील तर पाव बॅटरी गेली. हा आकडाही गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाजच असतो, म्हणून पहिल्या दोन तपासांशी ताडून बघा.

४. *जुन्या मालकाचा फोन काढून टाका.* ही गाडी स्वतःच्या वायफायने मालकाच्या फोनला जोडली जाते. २०१६ मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने दाखवलं होतं की तो वायफाय पासवर्ड तोडून गाडीचा अलार्मसुद्धा बंद करता येतो. सॉफ्टवेअर अपडेट झालंय का ते विचारा आणि आधी नोंदवलेले सगळे फोन रद्द करा.

शिवाय मित्सुबिशीने ब्रिटनमध्ये नव्या गाड्या विकणं २०२१ मध्ये थांबवलं होतं. त्यामुळे तुमच्या जवळपास या गाडीची सर्व्हिस कोण करतं हे आधी शोधा.

आता पैशाचं बोलू

ब्रिटनमधले ढोबळ दर धरू. घरची वीज युनिटला २७ पेन्स, रात्रीचा खास दर ८ पेन्स, रस्त्यावरचा फास्ट चार्जर ७५ पेन्स, पेट्रोल लिटरला १३५ पेन्स. भिंतीवरून घेतलेल्या एका युनिटमध्ये ४ किलोमीटर आणि एका लिटरमध्ये १४ किलोमीटर.

घरच्या साध्या दराने किलोमीटरला ६.८ पेन्स. रात्रीच्या दराने २ पेन्स. पेट्रोलने ९.६ पेन्स. आणि फास्ट चार्जरने जवळजवळ १९ पेन्स. म्हणजे रस्त्यावर थांबून ही गाडी फास्ट चार्ज करणं पेट्रोलच्या दुप्पट महाग! प्लग-इन हायब्रिडचा सगळा फायदा तुमच्या पार्किंगमधल्या सॉकेटमध्ये आहे. ते सॉकेट नसेल तर ही एक जड पेट्रोल गाडी आहे.

यावर नवा कर: मैलाला दीड पेनी, म्हणजे किलोमीटरला ०.९ पेन्स. वर्षाला १०,००० मैल चालवलेत तर १५० पाउंड. रात्री चार्ज करणाऱ्याचा खर्च २ वरून २.९ होईल, जवळपास दीडपट, तरी तो पेट्रोलच्या एक तृतीयांशच राहील. वायर न लावणाऱ्याचा ९.६ वरून १०.५ होईल, आणि त्यात पेट्रोलवरची ड्युटी आधीच आहे. म्हणजे तो दोन्हीकडून भरणार. ज्यांनी आकड्यासाठी नव्या गाड्या घेतल्या ते केव्हाच पुढे गेले. हा कर त्यांच्या जुन्या गाड्या घेणाऱ्यांच्या वाट्याला येतोय.

मग घ्यायची की नाही?

तीन प्रश्नांची उत्तरं द्या. रोजचं जाणं-येणं किती? रात्री गाडी उभी राहते तिथे सॉकेट आहे का? आणि या विशिष्ट गाडीची बॅटरी आज, हिवाळा धरून, किती किलोमीटर देते? तिसरं उत्तर पहिल्यापेक्षा मोठं असेल आणि दुसऱ्याचं 'हो' असेल, तर ही गाडी तुम्हाला आठवडाभर इलेक्ट्रिक आणि सुट्टीत चार्जरची चिंता नसलेली पेट्रोल गाडी देईल. रोज ९० किलोमीटर मोटरवे आणि घर तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, असं असेल तर साधी हायब्रिड बघा.

भारतात सर्वसामान्यांच्या बजेटमधली प्लग-इन हायब्रिड अजून रस्त्यावर दिसत नाही, ज्या आहेत त्या फार महागड्या. पण धोरणांत त्यांना जागा मिळू लागलीय. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडसोबत प्लग-इन हायब्रिडचाही रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला होता. उद्या पुण्यात किंवा नाशकात अशी गाडी शोरूमला आली, तर जाहिरातीत लिटरला पन्नास-साठ किलोमीटरचा आकडा नक्की दिसेल. तेव्हा सेल्समनला एकच विचारा: 'बॅटरी रिकामी असताना ॲव्हरेज किती?' आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, पार्किंगमध्ये पॉइंट मिळेल का. गाडी घ्यायची की नाही, ते या दोन उत्तरांवर ठरवा.